मोठे मत्स्यालय, थोडी काच

मुंबईत मरिन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात लहानपणी गेलेल्यांना एक गोष्ट आठवत असेल. तेथील टाक्या भिंतीत बसवलेल्या होत्या. प्रेक्षकाला दिसे ती केवळ समोरची काच. टाकीच्या उरलेल्या बाजू कशाच्या आहेत, याकडे कोणाचे लक्ष जात नसे आणि जाण्याचे कारणही नव्हते. घरी मोठे मत्स्यालय कमी खर्चात उभारण्याची जी पद्धत देशोदेशीचे हौशी मत्स्यपालक अनेक वर्षे वापरत आले आहेत, तिचा आधार हेच साधे निरीक्षण आहे. मासे पाहण्यासाठी एक काच पुरेशी असते. उरलेली टाकी प्लायवूडची करावी आणि तिला आतून फायबर ग्लासचे अस्तर द्यावे, म्हणजे काम भागते.

लहान टाकीच्या बाबतीत हा खटाटोप व्यर्थ आहे. दोन-तीन फुटांची काचेची टाकी बाजारात तयार मिळते आणि ती स्वस्तही पडते. टाकी मोठी होऊ लागली की मात्र गणित बदलते. लांबी-उंची वाढल्याने काच अधिक लागतेच, शिवाय ती जाडही घ्यावी लागते. आठ फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी पूर्णपणे काचेची करायची, तर वरची बाजू सोडून ५६ चौरस फूट काच लागते. १२ मिलिमीटर जाडीच्या अशा काचेचे वजन दीडशे किलोच्या वर जाते. ती कापून घेणे, टेम्पोतून आणणे, जिन्यावरून चढवणे आणि न फुटता जोडणे या प्रत्येक टप्प्यावर खर्च आणि धोका दोन्ही वाढतात. याच मापाच्या प्लायवूडच्या टाकीला समोर सुमारे १३ चौरस फुटांची एकच काच लागते. तिचे वजन साधारण ३६ किलो असते.

काटकसर येथे, म्हणजे काचेत आहे. ती रेझिनमध्ये, सिलिकॉनमध्ये किंवा टाकीखालच्या आधारात शोधू पाहणाऱ्यांच्या पदरी बहुधा ओली फरशी आणि खालच्या मजल्यावरची तक्रार येते.

आधी जमिनीचा विचार

पाण्याचे वजन हा या साऱ्या उद्योगातील सर्वात दुर्लक्षित विषय आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेत सर्वांनी शिकलेले असते. पण दिवाणखान्यात टाकी ठेवताना ते आठवत नाही. वर सांगितलेल्या टाकीत २१ इंच पाणी भरले, तर प्लायची जाडी वजा जाता सुमारे ७३० लिटर पाणी बसते. त्यात प्लाय, काच, वाळू-दगड आणि खालचा लोखंडी सांगाडा मिळवला की एकूण वजन एक टनाच्या जवळ पोहोचते. हे सारे वजन अवघ्या १६ चौरस फूट जागेवर येते.

निवासी इमारतींच्या खोल्यांचे स्लॅब आखताना माणसे, फर्निचर आदींचा जो भार भारतीय मानक आयएस ८७५ नुसार गृहीत धरला जातो, तो चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो इतका आहे. ही टाकी आपल्या पायाखालच्या जागेवर चौरस मीटरला सहाशे किलोंहून अधिक भार टाकते. याचा अर्थ टाकी ठेवताच स्लॅब कोसळेल असा नाही. गृहीत भार संपूर्ण खोलीभर धरलेला असतो आणि तुळईजवळ, भिंतीलगत स्लॅब अधिक भार पेलतो. पण याचा अर्थ अंदाजाने ठरवावे असाही नाही. वरच्या मजल्यावर एवढी टाकी ठेवायची असेल, तर प्लाय आणण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला जागा दाखवावी. इमारत जुनी असेल, गळतीने सळया गंजल्या असतील, तर उत्तर बहुधा नकारार्थीच येईल आणि ते ऐकावे. बाल्कनी तर विचारातच घेऊ नये. तेथे स्लॅब एका बाजूने अधांतरी असतो. तळमजल्याची जमिनीवर टेकलेली फरशी ही या टाकीची खरी जागा.

दोन तक्त्यांचा हिशेब

बाजारात प्लायचा तक्ता आठ फूट बाय चार फूट मापाचा मिळतो. टाकीचे माप याच तक्त्यावरून ठरवले, तर वाया फारसे काही जात नाही. पहिला तक्ता लांबीत मधोमध कापला की आठ बाय दोनचे दोन तुकडे मिळतात. एक तळ, दुसरा मागची भिंत. दुसऱ्या तक्त्यातून पुढची भिंत आणि दोन फुटी दोन बाजू निघतात. तरीही चार बाय दोनचा एक तुकडा शिल्लक राहतो आणि त्याचेही काम ठरलेले आहे. सहा इंच लांबी अधिक हवी म्हणून माप वाढवणाऱ्याला मात्र तिसरा तक्ता घ्यावा लागतो.

प्लाय १९ मिलिमीटरचा आणि आयएस ७१० या मानकाचा शिक्का असलेला, म्हणजे मरीन प्रतीचा घ्यावा. आयएस ३०३ चा सर्वसाधारण प्लाय स्वस्त असतो. फायबर ग्लासचे अस्तर असताना मरीन प्लाय कशाला, असा प्रश्न दुकानदारही विचारतो. उत्तर असे, की अस्तराला कधीतरी सुईच्या टोकाएवढे छिद्र पडते आणि तेथून पाणी झिरपू लागते. साधा प्लाय त्या ओलीने थर सोडून फुगतो, मरीन प्लाय दुरुस्तीपुरता वेळ देतो.

पुढची-मागची भिंत तळावर उभी राहते आणि दोन्ही बाजू त्यांच्यामध्ये बसतात. त्यामुळे बाजूंचे तुकडे दीड इंचाने अरुंद कापावे लागतात. सांध्यांना पाण्यात टिकणारा गोंद लावून दर चार इंचांवर न गंजणारे स्क्रू मारावेत. खिळे नकोत, ते कालांतराने सैल होतात. सांधा गुण्यात आहे की नाही हे सुताराला प्रत्येक टप्प्यावर तपासायला लावावे, कारण पुढे काच सपाट बसणे त्यावर अवलंबून आहे. पुढच्या भिंतीत सात फूट बाय १७ इंचांची खिडकी कापायची, ती खालून तीन इंच सोडून. खिडकीचे कोपरे टोकदार न ठेवता गोलसर कापावेत. ताण कोपऱ्यात साचतो आणि तडा तेथूनच जातो. कापून निघालेला तुकडा टाकून देऊ नये, त्याचे झाकण होते.

पाण्याचा दाब केवळ खोलीवर अवलंबून असतो. टाकीत पाणी किती आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. २१ इंच खोल पाणी या टाकीच्या पुढच्या भिंतीवर सुमारे ३४० किलोंचा रेटा देते. खोली दुप्पट केली तर हा रेटा चौपट होतो. म्हणूनच घरी टाकी बांधणाऱ्याने लांबी-रुंदी वाढवावी, उंचीचा मोह टाळावा. एवढ्या रेट्याने आठ फुटी भिंत मधोमध बाहेर फुगू पाहते. ते रोखण्यासाठी तो उरलेला चार बाय दोनचा तुकडा कामी येतो. त्याच्या जेमतेम चार इंची सहा पट्ट्या निघतात. चार पट्ट्या टाकीच्या वरच्या काठावर आतून आडव्या बसवायच्या, दोन पुढे आणि दोन मागे. उरलेल्या दोनांतून पुढची आणि मागची भिंत एकमेकींना बांधून ठेवणारे आडवे पट्टे करायचे. लांब पट्ट्यांचा जोड मधल्या आडव्या पट्ट्याखाली येईल, असे पाहावे.

होडीची विद्या

लाकडावर फायबर ग्लास चढवण्याची कला कोकणच्या किनाऱ्याला नवी नाही. लाकडी होड्यांना फायबरचे अस्तर देणारे आणि निव्वळ फायबरच्या होड्या बांधणारे कारागीर तेथे आहेत. होडीत पाणी बाहेर ठेवायचे असते, टाकीत आत. बाकी साहित्य तेच. हाताने काम करण्याची सवय नसलेल्याने अशा कारागिराला दोन दिवस बोलावणे, हे साहित्य वाया घालवण्यापेक्षा स्वस्त पडते.

रेझिन दोन प्रकारचे मिळते. पॉलिएस्टर स्वस्त, पण उग्र वासाचे. इपॉक्सी महाग, पण लाकडाला घट्ट धरणारे आणि जवळजवळ बिनवासाचे. पॉलिएस्टर घ्यायचे तर दुकानात सर्रास दिले जाणारे साधे रेझिन न घेता आयसोफ्थॅलिक प्रकारचे मागावे, पाण्यात ते अधिक टिकते. काम बंद फ्लॅटमध्ये करायचे असेल, तर इपॉक्सीला पर्याय नाही. मात्र त्यासोबत मॅट वापरू नये, विणलेले कापड वापरावे. मॅटमधील तंतू ज्या पदार्थाने बांधलेले असतात तो पॉलिएस्टरमधील स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. परिणामी मॅट नीट भिजत नाही.

पॉलिएस्टरच्या कामात एक धोका प्राणावर बेतणारा आहे. रेझिनसोबत हार्डनर आणि ॲक्सिलरेटर अशा दोन बाटल्या मिळतात. हार्डनर हे एक पेरॉक्साइड असते. ॲक्सिलरेटरला बाजारात नुसते ‘कोबाल्ट’ म्हणतात. हे दोन द्रव एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्णपणे ढवळून घ्यायचे आणि त्यानंतरच हार्डनर घालायचे. दोघांसाठी वेगवेगळी मापे ठेवावीत. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, त्यामुळे चष्मा अनिवार्य. स्टायरीनची वाफ ज्वलनशील असल्याने आसपास शेगडी, उदबत्ती, सिगारेट काहीही पेटते नको. धुळीचा साधा मास्क या वाफेला अडवत नाही, रासायनिक वाफेसाठीचा गाळणीयुक्त मास्कच हवा.

प्रत्यक्ष काम असे चालते. आतले सर्व कोपरे आधी रेझिन आणि टाल्कम पावडरीच्या लगद्याने गोलसर भरून घ्यायचे, कारण मॅट काटकोनात वळत नाही आणि तिच्यामागे हवा अडकते. काचपेपरने घासलेल्या कोरड्या प्लायवर पातळ रेझिनचा एक हात मारायचा, म्हणजे ते लाकडात मुरते. मग चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटचे दोन थर, प्रत्येक थर ब्रशने भिजवून आणि रोलरने हवा काढून. आतला पृष्ठभाग साधारण सव्वाचार चौरस मीटर भरतो. त्यासाठी सुमारे चार किलो मॅट आणि मॅटच्या अडीचपट, म्हणजे दहा किलो रेझिन लागते. बाहेरून द्यायचा हात आणि नासधूस धरून १२-१३ किलो रेझिन आणावे. एका वेळी अर्धा किलोच कालवावे. त्यात पाच ते दहा मिलिलिटर हार्डनर पुरते आणि हाताशी पंधरा-वीस मिनिटे मिळतात. मे महिन्यात त्याहूनही कमी. उरलेले रेझिन डब्यात तसेच ठेवले तर ते तापून धुमसू लागते. ते पत्र्यावर पसरून घट्ट होऊ द्यावे आणि मगच टाकावे.

पावसाळ्यात हे काम काढू नये. दमट लाकडावर पॉलिएस्टर धरत नाही, काही महिन्यांनी पापुद्र्यासारखे सुटते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. शेवटच्या हातात काळा किंवा गडद निळा रंग मिसळता येतो. रंग आवडीचा प्रश्न असला, तरी गडद पार्श्वभूमीवर मासे उठून दिसतात.

खिडकीची कड आणि नळासाठी पाडलेल्या भोकांचा आतला काठ ही दोन ठिकाणे हमखास विसरली जातात. तेथे उघडे राहिलेले लाकूड पाणी शोषते, शिवाय मरीन प्लायमध्ये वाळवी-बुरशीविरुद्ध मुरवलेली रसायने पाण्यात उतरण्याची वाट मोकळी होते. काम संपल्यावर टाकी किमान दोन आठवडे हवेशीर जागी उघडी ठेवावी. वास पूर्ण जाईपर्यंत तिच्यात मासे सोडण्याचा विचारही करू नये.

काच आतून

या टाकीची काच खिडकीच्या बाहेरून नव्हे, तर आतून बसवतात. पाण्याचा रेटा मग काचेला चौकटीवर दाबून धरतो आणि सांध्यातील सिलिकॉन ताणले जाण्याऐवजी दाबले जाते. बाहेरून लावलेल्या काचेचा सारा भार सिलिकॉनच्या चिकटपणावर पडतो. काच खिडकीपेक्षा चारही बाजूंनी दोन इंच मोठी, म्हणजे ८८ बाय २१ इंच आणि १२ मिलिमीटर जाडीची घ्यावी.

टाकी पालथी, म्हणजे पुढची भिंत जमिनीकडे करून ठेवायची. चौकटीची आतली कड काचपेपरने खरवडून ॲसिटोनने पुसायची. गुळगुळीत रेझिनला सिलिकॉन धरत नाही. मत्स्यालयासाठीचे सिलिकॉन वेगळे मागून घ्यावे. न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असते आणि ते माशांना विषारी ठरते. चौकटीवर जागोजागी तीन मिलिमीटर जाडीचे रबराचे तुकडे ठेवून मगच सिलिकॉनचा जाड पट्टा ओढावा. तसे न केल्यास काचेच्या वजनाने सारे सिलिकॉन बाहेर दाबले जाते आणि सांध्यात उरतो नुसता पातळ पापुद्रा. काच ठेवल्यावर तिच्या कडेने आतून आणखी एक हात फिरवायचा आणि आठवडाभर टाकीला हात लावायचा नाही. व्हिनेगरसारखा वास येणे थांबले, की सिलिकॉन वाळल्याची खूण समजावी.

पहिले पाणी

चाचणी घरात न घेता अंगणात, पार्किंगमध्ये किंवा कार्यशाळेत घ्यावी. टाकी ज्या सांगाड्यावर कायम राहणार, त्याच सांगाड्यावर ती ठेवावी. सांगाड्याला दर दीड फुटावर आडवा आधार हवा आणि वर थर्माकोलचा एक तक्ता, म्हणजे बारीक उंचसखलपणा झाकला जातो. खाली कोरडे वर्तमानपत्र पसरले, की थेंबभर गळतीचाही डाग दिसतो. आधी सहा इंच पाणी भरून एक दिवस थांबावे, मग बारा इंच, मग पूर्ण. प्रत्येक वेळी पुढच्या भिंतीच्या दोन टोकांना दोरी ताणून मधला फुगवटा मोजावा आणि लिहून ठेवावा. फुगवटा एका आकड्यावर स्थिरावला, तर चिंता नाही. रोज थोडा थोडा वाढत असेल, तर पाणी काढून आणखी एक आडवा पट्टा बसवावा. भरलेली टाकी किमान आठवडाभर तशीच ठेवावी, मग ते पाणी टाकून द्यावे. पुन्हा एकदा भरून रिकामी करावी.

चालू खर्च

टाकी बांधून झाली की खर्च संपला, असा समज करून घेणाऱ्यांची निराशा होते. ७३० लिटर पाणी तासाला चारदा गाळायचे, तर तासाला सुमारे तीन हजार लिटर फेकणारा पंप लागतो. ४० वॉटचा पंप दिवसरात्र चालला की महिन्याला साधारण २९ युनिट वीज जाते. गाळणी मात्र स्वस्तात होते. दोनशे लिटरचा, खाण्याच्या पदार्थांसाठी वापरलेला स्वच्छ प्लास्टिकचा पिंप टाकीखाली किंवा शेजारी ठेवून त्यात स्पंज आणि भांडी घासण्याच्या नायलॉनच्या घासण्या भराव्यात. साबण किंवा लोखंडी तार असलेल्या नकोत. त्यांच्या जाळीदार पृष्ठभागावर उपयुक्त जिवाणू वाढतात. ते माशांच्या विष्ठेतील अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही साखळी तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी मासे सोडणे म्हणजे त्यांना मारणे. पिंप निम्मा रिकामा ठेवावा. वीज गेली की पंप थांबतो आणि वरच्या नळीतले व टाकीतले काही पाणी खाली उतरते. पिंपात जागा नसेल, तर ते फरशीवर येते.

पाण्याचा प्रश्न महाराष्ट्रातील शहरांत अधिक टोचणारा आहे. आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचे तर दर वेळी सुमारे १८० लिटर लागते. शहरी पाणीपुरवठ्याचे गणित दरडोई दिवसाला १३५ लिटर धरून मांडले जाते. ज्या वस्तीत दिवसाआड पाणी येते, तेथे ही हौस शेजाऱ्यांच्या डोळ्यावर येणार. काढलेले पाणी गटारात न सोडता बागेला घालावे. त्यातील नायट्रेट झाडांना खत म्हणून चालते. नव्या पाण्यातील क्लोरीन घालवण्यासाठी सोडियम थायोसल्फेटचे थेंब किंवा दिवसभर हवा सोडणे, दोन्ही उपाय चालतात.

कोणते मासे

मोठी टाकी बांधणाऱ्याचा ओढा साहजिकच मोठ्या माशांकडे असतो. दुकानात बोटभर लांबीचा मिळणारा लाल शेपटीचा कॅटफिश पूर्ण वाढला की मीटरभराहून लांब होतो. दोन फूट रुंद टाकीत त्याला वळताही येत नाही. मग तो तळ्यात किंवा नदीत सोडून दिला जातो. दक्षिण अमेरिकेतून मत्स्यालयांसाठी आलेला सकर मासा असाच सोडला गेला आणि आज भारतातील अनेक नद्या-जलाशयांत मासेमारांच्या जाळ्यात सापडतो. ऑस्कर फूटभर वाढतो. अशा टाकीत एखादी जोडी सुखाने राहू शकते, त्याहून अधिक नकोत.

आठ फुटी लांबीचा खरा उपयोग थव्याने पोहणाऱ्या माशांना होतो. केरळ आणि लगतच्या कर्नाटकातील नद्यांतला डेनिसन बार्ब, ज्याला ‘मिस केरळ’ म्हणतात, तो वीतभराहून लहान राहतो. अंगावर लाल-काळा पट्टा मिरवत त्याचा थवा टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सतत फिरत असतो. पश्चिम घाटातील या माशाच्या प्रजातीला २०१३ मध्ये ‘सह्याद्रिया’ असे नाव देण्यात आले. त्याला गार, वाहते, भरपूर प्राणवायू असलेले पाणी मानवते. शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी नद्यांतून बेसुमार पकडला गेल्याने तो संकटग्रस्त माशांच्या यादीत आहे. त्यामुळे खरेदी करताना मासे पैदास केंद्रातले आहेत की नदीतून धरलेले, हे दुकानदाराला विचारावे आणि त्याने उत्तर टाळले तर दुसरे दुकान पाहावे.